बोट विकू नका, आधी तांडेल शोधा : क्वांटम कॉम्प्युटरच्या संशोधनाला आपल्या पोरांनी कुठं जावं?



बंदी लागली, बोटी वर ओढल्या, जाळ्यांची डागडुजी सुरू झाली. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. विषय आपल्या पेजवर याआधी कधी आला नव्हता. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात एका चालत्या बोटीचा सवाल होता.

मे महिन्यात संस्थेकडे एक अर्ज आला. बोट दोन भावांची, आठ-आठ आणे वाटा. धाकटा बोटीवर तांडेल. थोरला वीसेक वर्षांपूर्वी सुरतेला गेला, पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत डाईंग मिलमध्ये जेट मशीनवर कामाला आहे. बारा तासांची शिफ्ट, भाड्याची खोली, होळीला नि नारळी पौर्णिमेला गावी चक्कर. थोरल्याची मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेतून निघाली आणि सुरतेतच फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली. तिला क्वांटम कॉम्प्युटरवर संशोधन करायचंय. तिकडच्या एका कन्सल्टन्सीवाल्यानं सांगितलं, परदेशात एक वर्षाचं मास्टर्स करा, नावातच 'क्वांटम' आहे, सीट मोजक्या आहेत, पंधरा दिवसांत आगाऊ रक्कम भरा. काका म्हणाला, पोरगी माझीपण आहे, बोट काढून टाकू. बोटीवर संस्थेचं कर्ज होतं, म्हणून विक्रीला आमची ना-हरकत पाहिजे होती.

आम्ही ना-हरकत दिली नाही. नाकारलीही नाही. पंधरा दिवस थांबा म्हटलं आणि चौकशीला लागलो. कॉलेजातल्या सरांना विचारलं, पीएच.डी. करणाऱ्या दोघा-तिघा पोरांशी बोललो, त्या मुलीला बरोबर घेऊन संस्थांच्या वेबसाइट बसून वाचल्या. आम्हीही तिच्याकडूनच बरंच शिकलो. जे कळलं ते सगळ्यांसाठी लिहून ठेवतोय. आज एका घरात हा प्रश्न आला, उद्या चार घरांत येईल.

हे क्वांटम कॉम्प्युटर म्हणजे काय?

आपल्या मोबाइलमधला कॉम्प्युटर सगळं काम 0 आणि 1 वर करतो. दिवा बंद किंवा दिवा चालू, एवढंच. या एका घराला बिट म्हणतात. क्वांटम कॉम्प्युटरमध्ये बिटच्या जागी क्यूबिट असतो. तो मोजायच्या आधी 0 आणि 1 या दोन्हींच्या मिसळीत राहू शकतो.

"म्हणजे तो सगळी उत्तरं एकदम तपासतो," असं पुष्कळ जण सांगतात. ते अर्धवट आहे. खरी गंमत लाटेत आहे आणि लाट आपल्याला कोणी शिकवायला नको. खाडीच्या तोंडाशी दोन बाजूंच्या लाटा भेटतात तेव्हा काय होतं? माथ्यावर माथा आला की पाणी उसळतं, माथ्यावर खोलगा आला की जागच्या जागी बसतं. क्वांटम कॉम्प्युटरमध्ये गणित असं रचतात की चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मारतात आणि बरोबर उत्तराची लाट वर चढते. अशी रचना प्रत्येक प्रश्नाला जमत नाही. ज्या थोड्या प्रश्नांना जमते, तिथं हे यंत्र आजच्या मोठ्यात मोठ्या कॉम्प्युटरला मागे टाकू शकेल. 1994 साली पीटर शोर या गणितज्ञानं दाखवून दिलं की मोठ्या आकड्याचे अवयव पाडणं या यंत्राला सोपं जाईल. बँकेच्या व्यवहारांची बरीचशी कुलुपं त्याच अवघड गणितावर उभी आहेत, म्हणून सगळी सरकारं जागी झाली.

मग अडलंय कुठं? क्यूबिट फार नाजूक. जरा ऊब लागली, जरा धक्का लागला की बिघडला. आपण मासळी बर्फात ठेवतो, शून्य अंशाला. सुपरकंडक्टिंग जातीचे क्यूबिट उणे 273 अंशांच्या अगदी जवळ ठेवावे लागतात, बाहेरच्या अंतराळापेक्षाही थंड. इतकं करूनही चुका होतातच. त्या चुका पकडून सुधारायच्या कशा, यावर आज जगभर काम चाललंय. गुगलनं डिसेंबर 2024 मध्ये 105 क्यूबिटची 'विलो' चिप दाखवली, तिचा गाजावाजा झाला तो या चूक-दुरुस्तीसाठीच. आणि 2025 चं फिजिक्सचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस या तिघांना मिळालं, ते 1984-85 च्या सुमारास विजेच्या सर्किटमध्ये क्वांटमचे नियम चालतात हे दाखवल्याबद्दल. काम झालं तेव्हापासून बक्षिसापर्यंत चाळीस वर्षं गेली. घाईच्या माणसाचं हे क्षेत्र नाही.

हे यंत्र उद्या आपल्याला पापलेटचा थवा दाखवणार नाही, तसं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पण क्वांटमचं विज्ञान आपल्या बोटीवर आधीच आलेलं आहे. जीपीएसचा ठिपका बरोबर पडतो तो उपग्रहातल्या अणुघड्याळामुळे, आणि अणुघड्याळ चालतं क्वांटमच्या नियमांवर. इस्रोनं 29 मे 2023 ला सोडलेल्या नाविक मालिकेतल्या एनव्हीएस-01 उपग्रहात आपल्या देशात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे. तेव्हा ही विद्या आपल्यापासून फार लांबची नाही.

पहिला प्रश्न : पोराला यातलं नेमकं काय करायचंय?

'मासेमारी शिकायची' म्हटल्यावर आपण विचारतो, डोल की गळ की ट्रॉलर? इथंही तसंच आहे. ढोबळमानानं चार धंदे आहेत.

एक, यंत्र बनवणारे. हे प्रयोगशाळेत बसतात. कोणी अतिथंड सर्किटवर काम करतं, कोणी अणू किंवा आयन लेझरनं पकडून ठेवतं, कोणी प्रकाशाचे कण वापरतं. हाताला कसब पाहिजे. वायरिंग, पंप, गळती शोधणं, रात्री अडीच वाजता फ्रिज बंद पडला तर उठून जाणं.

दोन, कागद-पेन्सिलवाले. क्वांटम माहितीचं गणित, नवीन रीती शोधणं, चूक-दुरुस्तीचे सिद्धान्त. गणित पक्कं पाहिजे.

तीन, सॉफ्टवेअर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले. क्यूबिटला सूचना देणारी यंत्रणा आणि तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम लिहिणं. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण झालेल्यांना इथून दार आहे. बंगळूरच्या आयआयएस्सीत क्वांटम टेक्नॉलॉजीचं एम.टेक. आहे, ते अशांना बघण्यासारखं.

चार, शेजारचे धंदे. क्वांटम संदेशवहन, म्हणजे चोरून ऐकताच कळेल असा निरोप. आणि क्वांटम सेन्सर, म्हणजे फार बारीक चुंबकत्व किंवा वेळ मोजणारी यंत्रं.

पांडेसऱ्याच्या मुलीला आम्ही हे विचारलं तेव्हा ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मला मशीन उघडून बघायला आवडतं. पप्पांच्या मिलचा पंप मी सुट्टीत त्यांच्या फिटरबरोबर खोलला होता." त्या एका वाक्यानं निम्मं उत्तर मिळालं. कन्सल्टन्सीवाल्यानं जो कोर्स काढला होता त्यात प्रयोगशाळा नावालाच होती.

दुसरा प्रश्न : पैसे कोण कोणाला देतं?

हे ठळक लक्षात ठेवा. विज्ञानात पीएच.डी. करताना चांगल्या ठिकाणी विद्यार्थ्याला पैसे मिळतात, भरावे लागत नाहीत. बोटीवर चढणाऱ्या खलाशाकडून कोणी भाडं घेतं का? तो काम करतो, त्याला वाटा मिळतो. संशोधनाचं तसंच आहे.

केंद्र सरकारच्या दरानं 1 जानेवारी 2023 पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे, पहिली दोन वर्षं. पुढे सिनिअर झाल्यावर 42,000. वर वसतिगृह किंवा घरभाडं. कोट्यधीश कोणी होत नाही, पण पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहते आणि घरी चार पैसे धाडूही शकते. बोट विकायची पाळी येत नाही.

या विषयात देशात पैसा आहे का? आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं 19 एप्रिल 2023 ला राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, 2030-31 पर्यंतसाठी 6,003.65 कोटी रुपये. त्यातून चार मोठी केंद्रं ठरली : कॉम्प्युटिंग बंगळूरच्या आयआयएस्सीकडे, संदेशवहन आयआयटी मद्रासकडे, सेन्सर व मोजमाप आयआयटी मुंबईकडे आणि साहित्य व उपकरणं आयआयटी दिल्लीकडे. आठ वर्षांत 50 ते 1,000 क्यूबिटपर्यंतची यंत्रं बनवायचं उद्दिष्ट आहे. त्याला माणसं लागणार आहेत, आणि ती माणसं आज एम.एस्सी.च्या बाकावर बसलेली आहेत.

उधना स्टेशनवरून निघालं तर कुठं काय आहे?

आम्ही मुलीसमोर नकाशा ठेवला आणि जवळून लांब असं बघत गेलो.

*अहमदाबाद.* सुरतेहून गाडीनं साडेतीन-चार तास. इथं भौतिक संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे पीआरएल आहे, 1947 साली विक्रम साराभाईंनी सुरू केलेली. प्रकाशावरचं क्वांटमचं काम तिथं चालतं. 2022 च्या जानेवारीत पीआरएल आणि इस्रोच्या अहमदाबाद केंद्रानं 300 मीटर अंतरावरच्या दोन इमारतींमध्ये हवेतून क्वांटम पद्धतीनं सुरक्षित संदेश पाठवून दाखवला. पांडेसऱ्यातल्या घरातून शनिवारी-रविवारी येऊन-जाऊन राहता येईल अशी ही जागा. आणि आपल्यातल्या किती जणांना हिचं नावही माहीत नव्हतं!

*मुंबई.* ससून डॉकला मासळी घेऊन गेलेल्यांना कुलाबा पाठ आहे. तिथूनच पुढे नेव्हीनगरात, समुद्राला लागून, टीआयएफआर आहे. होमी भाभांनी 1945 साली उभी केलेली संस्था. देशात सुपरकंडक्टिंग क्यूबिट घडवणाऱ्या आघाडीच्या प्रयोगशाळांपैकी एक इथं आहे. टीआयएफआर, पुण्याची डीआरडीओची क्वांटम प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून केलेल्या 6 क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. 105 च्या पुढे 6 म्हणजे कमी वाटेल. पण स्वतः बांधलेली होडी आणि विकत घेतलेली ट्रॉलर यात शिकायला कुठं जास्त मिळतं, ते तुम्हीच सांगा. पवईला आयआयटी मुंबई आहे, तिथं हिऱ्यातल्या बारीक दोषांचा सेन्सर म्हणून वापर करण्यावर काम चालतं. सुरतेच्या माणसाला हिरा वेगळा सांगायला नको!

*पुणे.* आयसर पुणे. थंड अणू आणि आयन यांवरचं प्रयोगाचं काम इथं आहे, शिवाय क्वांटमसाठीचं 'आय-हब' हे केंद्र इथंच आहे. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीला पुण्यात राहणं सोपं जाईल, हे तिच्या आईनं लगेच टिपलं.

*बंगळूर.* आयआयएस्सी, आणि रामन रिसर्च इन्स्टिट्यूट. रामनमध्ये प्रकाशकणांवर चांगलं काम आहे.

*प्रयागराज आणि चेन्नई.* कागद-पेन्सिलवाल्यांनी हरिश्चंद्र संशोधन संस्था (प्रयागराज) आणि गणितीय विज्ञान संस्था (चेन्नई) बघाव्यात. हरिश्चंद्रचा क्वांटम माहितीचा गट नावाजलेला आहे. पण मशीन उघडून बघायची आवड असलेल्यानं तिथं जाऊन काय करावं? संस्था मोठी असून उपयोग नाही, काम जुळलं पाहिजे.

तिसरा आणि खरा प्रश्न : तांडेल कोण?

बोटीला रंग किती झगझगीत आहे हे बघून कोणी खलाशी चढत नाही. तांडेल कोण, तो जाळं कुठं टाकतो, वाटा वेळेवर देतो का, वादळात माणसं परत आणतो का, हे विचारतो. पीएच.डी.मध्ये मार्गदर्शक हा तांडेल. पाच-सहा वर्षं त्याच्याबरोबर काढायची असतात. मोठ्या नावाच्या संस्थेत वाईट मार्गदर्शक मिळाला तर पोर मधेच सोडून येतं. साध्या नावाच्या ठिकाणी चांगला मिळाला तर पुढची दारं उघडतात. आमच्याशी बोललेल्या प्रत्येक पोरानं हेच सांगितलं, जणू सगळ्यांनी ठरवून ठेवलं होतं.

मग मार्गदर्शक पारखायचा कसा? आम्ही यादी केली :

▪ त्यांचे गेल्या तीन-चार वर्षांतले शोधनिबंध उघडा. 'अर्काइव्ह' या वेबसाइटवर क्वांटमचे बहुतेक निबंध फुकट वाचायला मिळतात. सगळं समजलं नाही तरी चालेल. विषय वाचून झोप येते की पुढचं पान उघडावंसं वाटतं, एवढं बघा.

▪ प्रयोगाच्या निबंधात पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का बघा. असेल तर तिथं विद्यार्थ्याला कामाचं श्रेय मिळतं असं समजा.

▪ आधीचे विद्यार्थी आज कुठं आहेत? प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर यादी असते. पाच वर्षांत सुटले की आठ लागली?

▪ फ्रिज, लेझर चालू आहेत की अजून खोकी उघडायची आहेत? नवीन प्रयोगशाळा उभी करताना शिकायला खूप मिळतं, पण पहिली दोन वर्षं निबंध निघत नाही. हे माहीत असून जा.

▪ आत्ता असलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोला आणि जमलं तर सोडून गेलेल्या एकाशी. सोडून गेलेला जास्त खरं बोलतो. सुट्टी मिळते का, सर चिडले की काय करतात, मुलींना रात्री प्रयोगशाळेत थांबायला अडचण आहे का, हे सरळ विचारा. लाजू नका.

आणि सगळ्यात उत्तम म्हणजे आधी एक फेरी मारून बघणं. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे, टीआयएफआरचा व्हीएसआरपी नावाचा कार्यक्रम आहे. यात एम.एस्सी. करतानाच सुट्टीत दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत राहायला मिळतं, भत्तासुद्धा मिळतो. अर्ज मात्र हिवाळ्यातच करावे लागतात, उन्हाळ्यात जाग येऊन उपयोग नाही.

परदेशी जाऊच नये का?

काका इथं चिडला. "म्हणजे आपल्या पोरांनी बंदरातच बसायचं का?" म्हणाला.

नाही, बाबा. जावं. हॉलंडात डेल्फ्टला क्यूटेक आहे, कॅनडात वॉटरलूला 2002 पासूनची क्वांटम संस्था आहे, सिंगापूरला 2007 पासून क्वांटम केंद्र आहे, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला आयनवरचं जगात गाजलेलं काम आहे. पण त्यांच्या पैशानं जावं. हॉलंडात पीएच.डी. म्हणजे पगारी नोकरीच असते. अमेरिकेत विज्ञानाच्या पीएच.डी.ला बहुतेक चांगली विद्यापीठं फी माफ करतात आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल महिन्याचे पैसे देतात. अर्ज विद्यापीठाच्या वेबसाइटवर आपला आपणच करायचा असतो, मधे दलाल लागत नाही. लागतात ती ओळखणाऱ्या शिक्षकांची तीन शिफारसपत्रं. ती दलालाकडून मिळत नाहीत, प्रयोगशाळेत घाम गाळून मिळतात. अमेरिकेचे अर्ज बहुतेक डिसेंबरच्या आसपास बंद होतात.

मास्टर्सच करायचं असेल तर युरोपची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती बघा, तिच्यात फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही येतं. पण शिष्यवृत्ती नाही, संशोधन नाही आणि घर-बोट विकून भरायची फी, अशा मास्टर्सपासून लांब राहा. कन्सल्टन्सीला बऱ्याचदा विद्यापीठाकडून दर विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं. 'सीट मोजक्या आहेत' हे वाक्य कोणाच्या फायद्याचं आहे ते यावरून ओळखा.

परीक्षा आणि कागद : हे कॅलेंडर भिंतीला लावा

देशातली दारं चार-पाच परीक्षांनी उघडतात. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा साधारण डिसेंबरात असते. गेट फेब्रुवारीत. जेस्ट त्याच्या आगेमागे. फिजिक्स आणि कॉम्प्युटरच्या सिद्धान्ताच्या अनेक संशोधन संस्था तिचे गुण धरतात. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा, तिच्यात जेआरएफ मिळालं तर फेलोशिप आपली स्वतःची होते आणि मार्गदर्शक निवडायला मोकळीक मिळते. नुसतं बी.एस्सी. झालेल्यांना जॅम आहे, फेब्रुवारीत. तिच्यावर आयआयटीत एम.एस्सी. आणि आयआयएस्सी, आयसर यांसारख्या ठिकाणी एम.एस्सी.-पीएच.डी. एकत्र करता येतं.

बहुतेक फॉर्म पाऊस सरता सरता, ऑगस्ट ते डिसेंबरच्या दरम्यान निघतात. म्हणजे आपला सीझन जोरात असतो, घरात कोणाला फुरसत नसते, तेव्हाच. म्हणून आत्ता बंदीतच तारखा लिहून ठेवा. दर वर्षीच्या तारखा वेगळ्या असतात, त्या अधिकृत वेबसाइटवरच बघा.

परीक्षेनंतर मुलाखत होते. फळ्यापाशी उभं करून गणित सोडवायला लावतात, इंग्रजी किती झाडता ते बघत नाहीत. अडलं तर "इथंपर्यंत येतंय, पुढे असं वाटतं" म्हणायचं. गप्प उभं राहण्यापेक्षा मोठ्यानं विचार करणारं पोर त्यांना आवडतं.

कागदाचं एक महत्त्वाचं. केंद्रीय संस्थांत ओबीसीचा लाभ घ्यायचा तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, नॉन-क्रिमी लेअरसह आणि चालू आर्थिक वर्षाचा. राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या नावानं आहे ते आधी बघा. सुरतेत राहणाऱ्यांनी वडिलांचे मूळ गावचे जातीचे कागद शोधून ठेवा, त्याशिवाय तिकडे फाईल हलत नाही. ऐन मुलाखतीच्या आठवड्यात तलाठ्याच्या दारात उभं राहायची वेळ येऊ देऊ नका.

आणि तयारीसाठी : आयबीएमनं 2016 पासून आपला क्वांटम कॉम्प्युटर इंटरनेटवर खुला केलाय, मर्यादित वेळ फुकट वापरता येतो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग फुकट आहेत. पांडेसऱ्याच्या खोलीतही मोबाइलचं नेट चालतंच.

घरातले सवाल

तिच्या आईनं एकच विचारलं : "पाच-सहा वर्षं? मग लग्नाचं काय?" आम्ही यावर शहाणपण शिकवणार नाही, तो त्या घरचा निर्णय. इतकंच सांगितलं की पीएच.डी. करता करता लग्न झालेल्या मुली आहेत, फेलोशिप लग्नानं बंद होत नाही. मुलगी म्हणाली, "मिलमध्ये पप्पांनी वीस वर्षं काढली, मला सहा काढू दे." आई काही बोलली नाही, पण चहा टाकायला उठली.

दुसरा सवाल वडिलांचा. "आणि हे क्वांटमचं वारं उतरलं तर?" रास्त प्रश्न. उतरूही शकतं, विज्ञानात असं होतं. म्हणून तर हाताला काम शिकवणारी जागा निवडायची. अतिथंड यंत्रणा, लेझर, मायक्रोवेव्ह, निर्वात पंप, प्रोग्रॅमिंग, हे ज्याला येतं त्याला इस्रो आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, कंपन्या आहेत, कॉलेज आहे. नुसतं 'क्वांटम' नाव असलेलं प्रमाणपत्र वारं पडलं की शिडासारखं लोंबतं. हातातलं कसब वल्ह्यासारखं, वारं नसलं तरी चालतं.

तिसरं आम्हीच बोललो. पीएच.डी. सगळ्यांना झेपत नाही. मधे एक वर्ष असं येतं की काहीच जमत नाही. तेव्हा घरच्यांनी "झालं का? कधी संपणार?" असं दर फोनला विचारू नये. जाळं रिकामं आलं म्हणून आपण तांडेलाला त्याच दिवशी बोटीवरून उतरवत नाही.

मग त्या बोटीचं काय झालं?

पंधरा दिवसांनी काकानं अर्ज मागे घेतला. कन्सल्टन्सीला आगाऊ रक्कम दिली नव्हती, हे नशीब. मुलगी आता सुरतेत सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारी टीआयएफआर, जेस्ट आणि नेटचा अभ्यास करते. अहमदाबाद, मुंबई आणि पुण्यातल्या मिळून चार मार्गदर्शकांची नावं तिनं वहीत काढलीत. त्यातल्या दोघांच्या विद्यार्थ्यांना ईमेल केले. एकीचं उत्तर आलं, दीड पान, फ्रिज किती वेळा बंद पडला त्याच्या हिशेबासकट. निवड होईल की नाही, पहिल्या फेरीत होईल की दुसऱ्या, हे आज कोणी सांगू शकत नाही. नाही झाली तरी पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा आहेच, आणि बोटही आहेच.

सभासदांना विनंती : घरात कोणी फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकत असेल तर हे त्याला वाचायला द्या. सुरत, वापी, मुंबई, कुठंही असो. मोठी फी भरायची किंवा बोट-घर तारण ठेवायची वेळ आली तर सहीच्या आधी संस्थेत या. आम्ही विद्वान नाही, पण चार ठिकाणी फोन करायला आणि वेबसाइट शांतपणे वाचायला आम्हाला आता जमतं.

बंदी उठली की त्या बोटीला नारळ फोडायला ती पांडेसऱ्याहून येणार आहे. परीक्षेची पुस्तकं बरोबर आणणार, असं काकानं आत्ताच बजावून ठेवलंय.